तिला वजन म्हणायचं नाही

बापूसाहेबांनी माझ्या हातात पत्र्याचा रिकामा डबा दिला. म्हणाले, "बाई, मनातली भीती नंतर काढा. आधी होडीतलं पाणी काढा."

आठ मुलं रांगेत उभी होती. त्यांच्या मागे खुर्च्यांवर पाहुणे. काही जिंतूरचे, काही परभणीहून आलेले. मी पांढरी साडी नेसले होते. काखेत फाईल. एम. ए. मानसशास्त्र. कामाचा पहिला दिवस होता.

मला वाटलं चेष्टा करतायत. मी हसले. ते हसले नाहीत.

"तुमच्या हाताला सवय असंल," ते म्हणाले. "ओणवं होऊन काम करायची."

आता खुर्च्यांवरचे हसले. मग मुलंही हसली. मोठी हसली की लहान हसतातच.

मी फाईल मुरमावर ठेवली. चपला काढल्या. होडीत उतरले आणि पाणी उपसायला लागले. साडी गुडघ्यापर्यंत भिजली. कुणी थांबवलं नाही. होडी कोरडी झाल्यावर बापूसाहेबांनी पाहुण्यांना सांगितलं, "या आमच्या मनोबलाच्या शिक्षिका."

मला नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. हे आधीच सांगते. पुढचं ऐकून कुणाला वाटायला नको की मी पहिल्यापासून शूर होते.

जिंतूरच्या वरच्या अंगाला धरण आहे. त्याच्या काठावर पत्र्याची एक शेड होती आणि शिडाच्या चार होड्या. शाळकरी मुलांना शीड चालवायला शिकवायचं, मोठ्या स्पर्धेला मुंबईला न्यायचं, अशी सरकारी योजना. ती बापूसाहेबांच्या हातात होती. सेलूला त्यांच्या घरचं कापसाचं जिनिंग, चारठाण्याकडं जमीन. कधीतरी मुंबईला जाऊन ते होडीचं छोटं शिक्षण घेऊन आले होते. समुद्रावर एक दिवस नोकरी केली नव्हती, तरी सगळे त्यांना कॅप्टन म्हणायचे.

योजनेच्या कागदात एक अट होती. मुलांच्या मनाची तयारी करून घेणारी शिकलेली व्यक्ती पाहिजे. त्यांनी शोधलं तर आसपास मानसशास्त्र शिकलेली मी एकटीच निघाले. कागदावर मी हवी होते. काठावर नको होते.

शेडमधली माणसं मला नावानं हाक मारत नव्हती. "ती नामांतरवाली आली का?" असं विचारायची. माझी पदवी त्याच विद्यापीठाची. ज्याच्या नावावरून आमची घरं जाळली त्याच विद्यापीठाची. नाव अजून बदललं नव्हतं. मोर्चे निघत होते. मीही गेले होते. ते सगळ्यांना माहीत होतं.

नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी मी सहावीत होते. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नदीकडं. दुपारी माणसं आली. आरडाओरडा ऐकू आला तशी आईनं माझं मनगट धरलं आणि नदी गाठली. पावसाळा होता. नदी भरून चाललेली. आईला पोहता येत नव्हतं. मला काखेत धरून ती उतारानं पाण्यात शिरली. पाणी तिच्या छातीला लागलं. मी खाली पाहिलं आणि किंचाळले. पाणी आमच्या खालून पळत होतं.

आई म्हणाली, "पान्याकडं बगू नगं. पल्याडच्या बाभळीकडं बग. किती फांद्या हायेत, मोज."

मी मोजल्या. मोठ्यानं मोजल्या. मागं आमचं घर जळत होतं आणि मी फांद्या मोजत होते. भीती काही गेली नाही. पण मी आईच्या गळ्याला मिठी मारली नाही. मारली असती तर दोघी बुडालो असतो.

पुढं विद्यापीठाच्या ग्रंथालयात एका पुस्तकात वाचलं की दडपणाच्या वेळी खेळाडूचं लक्ष कुठं ठेवायचं याचंही शिक्षण देता येतं. मी पुस्तक मिटलं.  हे शास्त्र आमच्या घरात होतं. अडाणी बाईच्या तोंडून आलं होतं. त्या दिवसापासून मला हा विषय माझा वाटायला लागला. म्हणून मी तो डबा हातात घेतला. म्हटलं, उपसू पाणी. पण मुलांपर्यंत पोचू.

आणि मी पोचले. बापूसाहेब रोज येत नसत. ते नसले की काठ आमचा असायचा. मी मुरमावर तीन दगड मांडायची. पाण्यावर जी तीन लाल पिंपं सोडलेली असत, ज्यांना वळसा घालून होड्यांची शर्यत व्हायची, ती म्हणजे हे दगड. मुलांनी डोळे मिटायचे. मी विचारायची, वारा कुठल्या गालाला लागायलाय? शीड कुठं आहे? पिंप जवळ आलं, आता काय करणार? मुलं दगडांभोवती चालत चालत सगळी शर्यत मनात खेळायची. पहिले दोन दिवस हसली. नंतर हसायची बंद झाली.

उथळ पाण्यात मी त्यांना होडी मुद्दाम उलटवायला लावायची. ओल्या शिडाखाली जायचं. श्वास धरायचा. दहा मोजायचे. मग बाहेर यायचं. पुन्हा उलटवायची. पुन्हा. शिडाखाली अंधारून येतं आणि माणूस वेडावाकडा हातपाय मारतो. एकदा ते ओळखीचं झालं की मारत नाही.

एक दिवस मी विचारलं, "भीती तुमच्या अंगात कुठं बसते? बोट ठेवून दाखवा."

कुणी पोटावर बोट ठेवलं, कुणी गुडघ्यावर. रणजितनं गालावर ठेवलं.

रणजित बापूसाहेबांचा पुतण्या. चौदा वर्षांचा. होडीत बसायच्या आधी रोज शेडमागं जाऊन ओकायचा. मला वाटायचं पाण्याला भितो. त्या दिवशी कळलं. त्याची चूक झाली की काका थोबाडीत मारायचे. सगळ्यांसमोर. आणि म्हणायचे, "आमच्या घराण्यात भित्रं कुणी निपजलं नाही."

त्या रांगेत एक मुलगी होती. सुजाता. तेरा वर्षांची. तिचे वडील किसनराव धरणावर खलाशी, दरवाजे उघडण्या-लावण्याच्या कामावर. आमच्यातलेच. धरणाच्या वसाहतीतलं एक तरी लेकरू घ्यावं असा धरणाच्या साहेबाचा आग्रह, म्हणून तिला घेतलेलं. ती पाण्याशेजारीच वाढली होती. लांब बघायची आणि म्हणायची, "म्याडम, तिकडं पानी काळं पडायलंय. वारा यायलाय." थोड्या वेळात वारा यायचाच. बापूसाहेबांना हे दिसायचं नाही. मलाही नाही.

त्या होड्या दोघांच्या. एकाच्या हातात सुकाणू. दुसऱ्यानं पुढचं शीड सांभाळायचं आणि वारा वाढला की होडीच्या कडेला बसून अंग बाहेर झोकायचं, होडी कलंडू नये म्हणून. सुजाताला कायम दुसऱ्या जागेवर बसवत. रणजितसोबत. आणि बापूसाहेब तिला नावानं बोलवत नसत.

"रणजितच्या होडीत वजन बसवा," ते ओरडायचे.

वजन म्हणजे सुजाता.

हळूहळू बाकीची मुलंही म्हणायला लागली. वजन, इकडं ये. वजन, दोरी धर. तीसुद्धा वळून बघायला लागली. मी ते ऐकत होते. मुलांच्या मनाची शिक्षिका. ऐकत होते आणि दगड मांडत होते.

मुंबईला कोण जाणार हे ठरवायची शर्यत होती. चार होड्या. तीन पिंपांभोवती दोन फेऱ्या. सकाळची वेळ, वारा उलटसुलट. दुसऱ्या फेरीत मधल्या पिंपापाशी सुजाता ओरडलेली मी ऐकली, "रणजित, वारा यायलाय! शीड ढिलं सोड!"

रणजितनं शिडाकडं बघितलं नाही. काठाकडं बघितलं. काका कुठं उभे आहेत ते बघितलं. होडी उलटली.

पोरगा शिडाखाली गेला. काठावर सगळे उभे राहिले. बापूसाहेब नुसतेच ओरडत होते. पाठीवर बांधलेला तरंगपट्टा त्याला शिडालाच चिकटवून ठेवत होता. सुजाता पोहत फिरून आली. तिनं शिडावर हात आपटला. "रणजित, मोज! मोठ्यानं मोज!"

शिडाखालच्या पोकळीतून आवाज आला. एक. दोन. मग चूळ भरल्यासारखा आवाज. मग तीन.

तिनं शीड उचललं. त्याला केसाला धरून बाहेर ओढलं. मग होडीच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर चढली, अंग मागं टाकलं आणि होडी सरळ केली. तेरा वर्षांची पोरगी. दोघं आत चढले. रणजित आपणहून पुढं जाऊन बसला. सुकाणू तिच्या हातात दिलं. उरलेली शर्यत तिनं चालवली. होडी चारांत दुसरी आली.

काठावर आल्यावर बापूसाहेबांनी रणजितच्या थोबाडीत मारली. मग सुजाताकडं वळले.

"वजनानं वजनासारखं राहावं," ते म्हणाले.

ती हिरवा फ्रॉक पिळत उभी राहिली.

दुपारी त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं. पुढं छापील कागद सरकवला. खेळाडूंच्या मानसिक पात्रतेचा अहवाल. खाली सहीची जागा.

"लिहा," ते म्हणाले. "मुलगी उतावळी. हुकूम मानत नाही. दडपणाखाली डोकं ठिकाणावर राहत नाही. सुकाणूला अपात्र."

मी पेन काढलं नाही.

"आणि रणजितचं लिहा, नेतृत्व उपजत."

"त्यानं स्वतःच सुकाणू सोडलं, साहेब."

"म्हणून तर तुमची सही पाहिजे. शास्त्राची." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कॉलेजात कायमची जागा निघायलीय. निवड समितीवर मी आहे. तुमच्या लोकांत शिकलेलं कुणी वर आलं की मला आनंदच होतो."

तेव्हाही मी नाही म्हटलं नाही. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. म्हटलं, "उद्या देते."

घरी आई निंदणीहून आलेली. हातपाय धूत होती. मी खाटेवर कागद उलगडून बसले.

"काय लिव्हायचंय त्यात?" आईनं विचारलं.

मी वाचून दाखवलं. बापूसाहेबांनी सांगितलं तसं, सगळं. नोकरीचंही सांगितलं. आईनं तोंड पुसलं. पदर खाली घेतला.

"ती पोरगी भेली व्हती का?"

"न्हाई."

"मग? आपल्या लेकराच्या काळजात नसलेलं भ्या कागदावर लिव्हायला तुला यम्मे केलं व्हय?"

"आई, कायमची नोकरी हाय."

"असू दे की. माजं काय म्हनणं न्हाई. लिव्ह." ती उठली. चुलीपुढं बसली. पाठमोरीच म्हणाली, "पर मग मला तुजं खायला सांगू नगंस."

मी पेन उघडलं. दुसऱ्या कोऱ्या कागदावर आधी लिहिलं, मग छापील कागदावर उतरवलं. मागं कार्बन ठेवला. तीन प्रती केल्या.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या संघाच्या निवडीची बैठक होती. शेडमध्ये टेबल मांडलेलं. परभणीहून क्रीडा खात्याचे एक अधिकारी आलेले. मुलांचे आईवडील मागं उभे. किसनराव दारापाशी, टोपी हातात धरून. बापूसाहेबांनी माझ्याकडं हात केला. "बाई, तुमचा अहवाल वाचा म्हणजे कुणाला शंका नको."

मी उभी राहिले. वाचलं.

"सुजाता किसन. होडी उलटल्यावर भान सुटलं नाही. सोबत्याला वाचवलं. होडी सरळ केली आणि शर्यत पुरी केली. वाऱ्याची समज सर्वांत चांगली. सुकाणूसाठी पहिली पात्र. तिला वजन म्हणायचं नाही. तिला नाव आहे."

शेवटची दोन वाक्यं कागदावर होती. मी लिहिली होती.

बापूसाहेब उठले. "काय वाचायलात तुम्ही? हे नव्हतं लिहायला सांगितलं."

"नाही. तुम्ही सांगितलं ते वेगळं होतं. ते मी लिहिणार नाही."

"ही नामांतरवाली," ते अधिकाऱ्याला म्हणाले, "हिला खेळातलं काय कळतं? ही इथंही राखीव जागा मागायला आलीय."

मी म्हटलं, "राखीव जागा तर इथं आहेच, साहेब. तुमच्या पुतण्यासाठी."

 तेवढ्यात रांगेतून रणजित पुढं आला. त्याचा आवाज फुटत होता. म्हणाला, "काका, सुजाता चालवू दे. मी पुढं बसतो. मला पुढंच बरं वाटतं."

बापूसाहेबांचा हात वर गेला. मला विचार करायला वेळ मिळाला नाही. मी दोघांच्या मधे गेले.

"हात खाली," मी म्हणाले.

एवढंच. आयुष्यात त्या माणसांपैकी कुणाला मी पहिल्यांदा हुकूम दिला होता.   त्यांचा हात थोडा वेळ वरच राहिला, मग खाली आला.

"उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले.

मी अहवालाची एक प्रत अधिकाऱ्यापुढं ठेवली. म्हटलं, "पोच द्या." तो इकडंतिकडं बघायला लागला. मी तिथंच उभी राहिले. शेवटी त्यानं सही केली, तारीख घातली. मी माझी प्रत घेतली आणि तीन मैल चालत घरी आले. त्या तीन मैलांत मला माझ्या पाठीत कणा आहे हे कळत होतं. दुखत होता.

सुजाता मुंबईला गेली नाही. रणजितच्या होडीत दुसऱ्या कुणाला बसवून त्याला नेलं. तिथं काय झालं ते मी विचारलं नाही. कॉलेजातली जागा दुसऱ्याला गेली.

महिन्याभरात किसनरावांची बदली झाली. लांब कालव्यावरच्या चौकीवर. बायकापोरं वसाहतीत, ते एकटे तिकडं. ते आमच्या घरी आले. बाजेवर बसले नाहीत. उभ्यानंच बोलले.

"बाई, तुमी खरं लिव्हलं. न्हाई म्हनत न्हाई. पर खरं लिव्हून तुमी तुमच्या घरी आलात. चौकीवर मला जावं लागलं."

  मी लिहिताना त्यांना विचारलं नव्हतं. लेकीबद्दल लिहीत होते आणि बापाला विचारलं नाही. ही माझी चूक मी कुठं लपवत नाही.

सुजाता त्यांच्या मागं उभी होती. म्हणाली, "बा, मला वजन म्हनून मुंबईला न्हेलं असतं, तर तुमी खूश झाला असता का?"

किसनरावांनी टोपी घातली. मला म्हणाले, "हिला शिकवा. पान्यात न्हाई तर पान्याभायेर शिकवा. पर आता सोडू नका."

मी सोडलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत मला मास्तरकी मिळाली. दर रविवारी शाळेमागच्या मैदानावर दगड मांडायचे. वस्तीतली पोरं आली. वसाहतीतली आली. मासे धरणाऱ्या भोयांची दोन आली. कोरडवाहू कुणबी शेतकऱ्याची एक मुलगी आली, तिचा बाप आधी कुरकुरला, मग स्वतः सोडायला यायला लागला. पाणी नव्हतं, होडी नव्हती. पण कोण काय म्हणालं की अंगात काय होतं, हे ती पोरं बोलायला शिकली. वर्गात मागं बसवलं तर हात वर करून "का?" विचारायला शिकली. हेडमास्तर म्हणाले, बाई, हा तुमचा खेळ शाळेला महागात पडतोय.

या जानेवारीत विद्यापीठाचं नाव बदललं. पूर्ण नाही, जुन्या नावाला जोडून. तेवढ्यासाठी किती घरं जळाली, किती माणसं गेली. वस्तीत पेढे वाटले. आईनं एक खाल्ला, एक फडक्यात बांधून ठेवला. मीही रडले. मग पुढच्या रविवारी धरणावर जाऊन बघितलं. तीच शेड. तेच बापूसाहेब, केस पांढरे झालेले. होडीच्या कडेला एक काळी पोरगी बसलेली. काठावरून कुणीतरी ओरडलं, "वजन, बाहेर झुक!"

मी परत आले आणि सुजाताला बोलावलं. ती आता सतरा वर्षांची आहे. बारावीला. तिनं आधीच सगळं ठरवून ठेवलं होतं. भोयांची एक जुनी लाकडी होडी पडून होती. पोरांनी तिच्या फटी डांबरानं बुजवल्या. शीड ताडपत्रीचं, सुजातानं शिवलं. प्रत्येकाला ट्रकची ट्यूब, दोरीनं काखेत बांधलेली. त्याशिवाय मी कुणाला पाण्याला हात लावू देत नाही.

परवानगीचे तीन अर्ज केले. तिन्ही वेळा एकच उत्तर. विचाराधीन. शेवटी मी कचेरीतल्या कारकुनाला विचारलं, शेडवाल्यांची परवानगी दाखवा, तशीच आम्हाला द्या. त्यानं फाईल चाळली. मग फाईल मिटली. हळूच म्हणाला, "बाई, त्यांची तर कधीच संपलीय. कुणी विचारलंच नाही."

हे धरण बांधताना माझ्या बापानं डोक्यावर दगड वाहिला. तो त्यातच खंगून गेला. त्याला कुणी परवानगी विचारली नव्हती.

मी नोटीस लिहून कचेरीत दिली. पोच घेतली. बापूसाहेबांच्या शेडवरही एक प्रत लावली. त्यात लिहिलंय की येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही अकरा जण धरणाच्या पाण्यात होडी लोटणार आहोत. अकराही जणांची पूर्ण नावं लिहिली आहेत. सुकाणूवर सुजाता किसन.

किसनरावांना या वेळी आधी विचारलं. ते काठावर येणार आहेत. आई येणार आहे. शेडवाल्यांनी निरोप पाठवलाय की पाण्यात पाय घातला तर बघून घेऊ. पोरांना मी हा निरोप वाचून दाखवला. भीती कुठं बसली ते दाखवा म्हटलं. सगळ्यांनी दाखवली. कुणी लपवली नाही. आणि कुणी घरी राहतो म्हणालं नाही.

रविवारी आम्ही उतरणार. नोकरी गेली तरी उतरणार. ज्याला अडवायचं असेल त्यानं पाण्यात येऊन अडवावं. काठावरून दिलेला हुकूम आता आमी ऐकणार न्हाई.